बहुपदी: कंसाआधीचं वजाचिन्ह नीट कसं सोडवायचं

‘क्ष म्हणजे एक वस्तू समजा’ असं सांगून बहुपदी (५क्ष² − ३क्ष + ४ सारख्या राशी) शिकवायला घेतात, तेव्हा मला राग येतो. क्ष ही वस्तू नाही, संख्या आहे. किती, ते अजून कळलेलं नाही एवढंच. वस्तूचा वर्ग कसा करणार? क्ष² आलं की ही समजूत कोलमडते आणि मुलं नियम पाठ करायला लागतात.

समोरची राशी बहुपदी आहे का, ते आधी बघा. चलाचा, म्हणजे इथे क्ष चा, घातांक ०, १, २, ३ असा पूर्ण संख्याच हवा. १/क्ष किंवा √क्ष चालत नाही. √२ × क्ष मात्र चालतं, कारण तिथे वर्गमूळ सहगुणकात (चलाला गुणणाऱ्या संख्येत) आहे, चलाचं नाही. मग पदं घातांकांच्या उतरत्या क्रमाने मांडा. सर्वांत मोठा घातांक ती बहुपदीची कोटी. बेरजेत फक्त सरूप (चल आणि घातांक सारखे असलेल्या) पदांचे सहगुणक मिळवायचे, घातांक आहे तसाच ठेवायचा.

आता वजाबाकी. इथे मी शाळेत अख्खं वर्ष अडखळलो. ‘वजाबाकीत चिन्ह बदलतं’ एवढंच मला सांगितलं होतं, आणि ही सूचना अर्धीच आहे. कोणाचं चिन्ह? मी पहिल्या पदाचं बदलायचो आणि पुढे निघून जायचो.

(५क्ष² − ३क्ष + ४) − (२क्ष² − ७क्ष + ९)

माझं उत्तर यायचं ३क्ष² − १०क्ष + १३. साफ चूक. कारण कळायला साध्या संख्या पुरतात. २० − (८ − ३) म्हणजे २० मधून ५ काढायचे. तुम्ही ८ काढलेत तर ३ जास्तीचे गेले, ते परत द्यायला हवेत. म्हणून २० − ८ + ३, उत्तर १५. कंसाबाहेरचं वजाचिन्ह म्हणजे −१ ने गुणणं, आणि ते आतल्या एकूण एक पदाला लागू होतं.

म्हणून माझा आग्रह आहे: कंस तोंडी सोडवू नका. मधली ओळ लिहाच.

५क्ष² − ३क्ष + ४ − २क्ष² + ७क्ष − ९

मगच पदं एकत्र करा: ३क्ष² + ४क्ष − ५. ही ओळ वाचवून मिळणारे दहा सेकंद नंतर चूक शोधण्यात दहापट जातात.

लगेच पडताळा घ्या. क्ष = २ ठेवा. पहिला कंस १८, दुसरा ३, फरक १५. बरोबर उत्तरातून १२ + ८ − ५ = १५ येतात, माझ्या जुन्या उत्तरातून ५. पडताळ्याला ० किंवा १ घेऊ नका, सोपे वाटले तरी. ० ठेवलात तर फक्त स्थिर पद (क्ष नसलेलं) तपासलं जातं. १ चा कितवाही घात १ च असतो, म्हणून क्ष² × क्ष³ = क्ष⁶ ही चूकसुद्धा खपून जाते. २ ठेवा: डावीकडे ३२, उजवीकडे ६४.

गुणाकारात पहिल्या कंसातल्या प्रत्येक पदाने दुसऱ्यातल्या प्रत्येक पदाला गुणा. द्विपदी आणि त्रिपदी असेल तर सहा गुणाकार झाले का, मोजा.

भागाकार अवघड म्हणतात, पण त्यातली बहुतेक चूक वजाबाकीचीच असते. (क्ष³ − १) ला (क्ष − १) ने भागायचं असेल तर नसलेल्या पदांची जागा शून्याने भरा: क्ष³ + ०क्ष² + ०क्ष − १. भागाकाराचं पहिलं पद क्ष². त्याने भाजकाला गुणलं की क्ष³ − क्ष². ते वरून वजा करताना ०क्ष² − (−क्ष²) येतं, आणि इथे हमखास −क्ष² लिहिलं जातं. खरं उत्तर +क्ष². शून्यातून ऋण वजा केलं की धन उरतं, हा नियम गणिती ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये लिहून ठेवला आहे. इथेही वजाबाकीआधी खालच्या ओळीतली सगळी चिन्हं पेन्सिलीने बदलून घ्या.

भागाकार येईल क्ष² + क्ष + १, बाकी ०. क्ष = ३ ठेवून बघा: २ × १३ = २६, आणि २७ − १ सुद्धा २६.