सणाच्या रोषणाईचा शो: कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर घेताना या चुका टाळा

गाण्याच्या ठेक्यावर दिवे नाचवायचे ठरलं की बहुतेक जण आधी कंट्रोलर (दिव्यांना डेटा पाठवणारा बोर्ड) मागवतात आणि मग त्यात काय बसेल ते बघतात. क्रम उलटा हवा. एक्सलाइट्स हे शो आखायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. घराचा फोटो टाकून त्यावर माळा मांडा, एकही दिवा न घेता प्रिव्ह्यू बघा. पिक्सेल, म्हणजे स्वतंत्रपणे रंग बदलणारे दिवे, किती लागतील ते इथेच कळतं. व्हिक्सनही मोफत आहे, पण फक्त विंडोजसाठी.

कंट्रोलरच्या एका पोर्टवर (माळ जोडायच्या जागेवर) पिक्सेलची भर. डब्ल्यूएस २८११ जातीच्या एका पिक्सेलचा डेटा जायला ३० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ८०० पिक्सेलना २४ मिलिसेकंद. सेकंदाला ४० फ्रेमचा सीक्वेन्स (गाण्यावर आखलेला दिव्यांचा खेळ) असेल तर एका फ्रेमला २५ मिलिसेकंदच मिळतात. त्यापुढे पिक्सेल जोडलेत की हालचाल अडखळणारच. २० फ्रेमवर मर्यादा दुप्पट होते, पण करंटचा प्रश्न तसाच राहतो.

करंटचा हिशेब न करणं. ५ व्होल्टचा पिक्सेल पूर्ण पांढरा असताना साधारण ६० मिलिअँपिअर घेतो; १०० पिक्सेलना ६ अँपिअर. लांबच्या टोकाला पांढरा रंग पिवळट-लालसर दिसू लागला तर व्होल्टेज पडतंय. निळ्या आणि हिरव्या एलईडीला लाल एलईडीपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून ते आधी मंदावतात. शेवटच्या टोकाला वेगळी पॉवर द्या किंवा ब्राइटनेस ३० टक्क्यांवर आणा. रात्री तेवढा उजेड पुरतो, खरं तर जास्तच होतो. लांब माळांना १२ व्होल्ट बरे. दोन पॉवर सप्लाय असतील तर निगेटिव्ह एकत्र जोडा, पॉझिटिव्ह मात्र कधीही नाही.

युनिव्हर्सची गफलत. ई १.३१ या नेटवर्कवरून दिव्यांचा डेटा पाठवायच्या पद्धतीत एका युनिव्हर्सला, म्हणजे डेटाच्या एका गटाला, ५१२ चॅनल असतात आणि आरजीबी (लाल-हिरवा-निळा) पिक्सेलला तीन लागतात, म्हणून त्यात १७० पिक्सेल बसतात. सॉफ्टवेअरमध्ये युनिव्हर्सची सुरुवात १ पासून आणि कंट्रोलरमध्ये २ पासून असली की एका माळेचा खेळ दुसरीवर दिसतो. कंट्रोलरला डीडीपी ही दुसरी पद्धत चालत असेल तर तेच निवडा, ही भानगडच उरत नाही.

लॅपटॉप आणि वाय-फायवर शो. लॅपटॉप ऐनवेळी अपडेटला बसतो. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर फाल्कन प्लेअर हे शो वाजवणारं सॉफ्टवेअर टाका, तयार सीक्वेन्स तिथून वाजवा आणि कंट्रोलरला लॅन केबल द्या. वायफायच हवं असेल तर मल्टिकास्ट (एकदम अनेकांना पाठवणं) नको, युनिकास्ट (थेट एकाच कंट्रोलरला पाठवणं) ठेवा.

बिघाड शोधताना आधी कंट्रोलरचा स्वतःचा टेस्ट मोड लावा. तिथे सगळं ठीक दिसलं तर दोष सॉफ्टवेअर किंवा नेटवर्कमध्ये. तिथेही गडबड असेल तर वायरिंग तपासा. लाल मागितल्यावर हिरवा आला तर रंगांचा क्रम चुकलाय. सगळी माळ वेड्यासारखी लुकलुकत असेल तर कॉमन ग्राउंड, म्हणजे कंट्रोलर आणि माळेचं निगेटिव्ह एकत्र जोडलंय का, ते बघा. ईएसपी ३२ चिपच्या कंट्रोलरवर फक्त ३.३ व्होल्टचा सिग्नल निघतो, ५ व्होल्टच्या माळेला तो लांबून पुरत नाही. मध्ये ७४एएचसीटी१२५ ही लेव्हल शिफ्टर (सिग्नलचं व्होल्टेज वाढवणारी) चिप घाला. १८व्या पिक्सेलपुढे सगळं अंधारात असेल तर १८वा किंवा १९वा बदला. आणि माळेवरचा बाण कंट्रोलरकडून पुढे जातोय ना, हे चिकटवण्याआधीच बघा.