क्लिक जमतो हो, पण पुढे स्वर लावून दाखवा

भाषाविज्ञानात एम.ए. झालं, आता आफ्रिकेतल्या क्लिकवाल्या, म्हणजे जिभेने 'च्च'सारखे आवाज काढून ते शब्दात व्यंजन म्हणून वापरणाऱ्या, भाषांवर काम करायचंय, असं म्हणणारे बरेच जण भेटतात. क्लिक काढता आले की निम्मा गड सर, अशी त्यांची समजूत असते. तसं काही नाही. क्लिक काढणं हाच सगळ्यात सोपा भाग. हळहळताना आपण 'च्च, च्च' करतो तो दंत्य क्लिकच, आणि टांगेवाला गालाच्या बाजूने जीभ सोडवून घोड्याला हाकतो तो पार्श्व. टाळूवरून जीभ खाली आपटली की 'टॉक्' होतो, तो तिसरा. खोसा आणि झुलू या दक्षिण आफ्रिकेतल्या भाषा लिहिताना यांना अनुक्रमे रोमन सी, एक्स आणि क्यू ही अक्षरं दिली आहेत. आठवड्याभरात कुणालाही येतात.

रडवतं ते पुढचं. खोसात या तीन जागांवरून १८ क्लिक होतात. कारण जीभ दोन ठिकाणी टेकलेली असते: पुढे दाताशी किंवा टाळूशी, आणि मागे, आपण क म्हणताना टेकते तिथे. मधली जीभ खाली ओढली की आत अडकलेली हवा विरळ होते, पुढचा भाग सुटतो आणि आवाज फुटतो. या सगळ्यात फुप्फुसातल्या हवेला काही काम नसतं, त्यामुळे ती मागे दुसरं काहीतरी करायला मोकळी असते, आणि ती काय करते यावर व्यंजन बदलतं. इथे आपला कवर्ग फुकटात कामाला येतो. मागे क ठेवलात तर साधा क्लिक, ख ठेवलात तर महाप्राण, ङ ठेवलात तर नासिक्य. गचं थोडं वेगळं आहे. खोसातला घोष, म्हणजे गसारखा कंठ थरथरवून काढलेला, क्लिक आपल्या गपेक्षा घोगरा असतो आणि पुढच्या स्वराचा सूर खाली ओढतो. 'कार' आणि 'खार' यांतला फरक आपल्याला झोपेतही कळतो, तेवढी मराठीची पुण्याई समजा.

खरा सापळा नाकात आहे. इथे मी फार दिवस घालवले, म्हणून लांबण लावते. 'च्च' करताना आपला श्वास नाकातून चालूच असतो. म्हणजे क्लिक आणि उघडं नाक ही जोडी लहानपणापासून जिभेच्या अंगवळणी पडलेली. मग शब्दात साधा क्लिक हवा असतो तिथेही मृदू टाळू, म्हणजे नाकाची वाट उघडझाप करणारा टाळूचा मागचा मऊ भाग, खाली राहतो, बारीक गुणगुण नाकातून निसटते आणि ऐकणाऱ्याला दुसरंच व्यंजन ऐकू येतं. स्वतःला मात्र पत्ता लागत नाही, कारण क्लिकच्या दणक्यात ती गुणगुण बुडून जाते. समोरचा 'नाही, परत म्हण' म्हणतो, तुम्ही क्लिक आणखी जोरात काढता, तो परत 'नाही' म्हणतो. जोर वाढवून काहीही होणार नाही. काहीही.

चिमटीत नाक धरा आणि 'आ', क्लिक, 'आ' असं सलग म्हणा. साधा क्लिक जसाच्या तसा निघाला पाहिजे. मध्ये आवाज कोंडला, कानात दडा बसल्यासारखं झालं, तर हवा नाकातून जात होती. यावर उपाय असा: क्लिकपासून सुरुवातच करू नका. 'आका' म्हणा, कवर थांबा, जीभ मागे टेकलेलीच ठेवा, त्या थांब्यात क्लिक काढा आणि मग क सोडून 'आ'. क दाबून धरला की मृदू टाळू आपोआप वर राहतो. तेच 'आङा' घेऊन करा, मुद्दाम गुणगुणत. दोन्ही आलटून पालटून रेकॉर्ड करा आणि 'प्राट' या आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा. नासिक्यात क्लिकच्या उभ्या रेघेआधी खालच्या बाजूला गुणगुणीचा पट्टा दिसेल, साध्यात तिथे शांतता. कान खोटं बोलतो, चित्र बोलत नाही.

कानाचंही सांगते. सुरुवातीला क्लिक शब्दात ऐकूच येत नाही. बोलणं एकीकडे चाललंय आणि मागे कुणीतरी बाकावर पेन आपटतंय, असं वाटतं. घाबरू नका, हे जातं. खोसा बोलणाऱ्या घरांतली लहान मुलंसुद्धा आधी क्लिकच्या जागी कसारखा ध्वनी काढून वेळ मारून नेतात.

रेकॉर्डिंगची पातळी कमी ठेवा. 'टॉक्' पुढच्या स्वरापेक्षा मोठा असतो, फाइल फाटते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या व्हॉइस नोट्स घेऊन विश्लेषणाला बसू नका, कृपा करून.

'पाच मिनिटांत क्लिक शिका' छाप व्हिडिओ मला सहन होत नाहीत. ते सुटा क्लिक शिकवतात, जो तुम्हाला आधीच येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसच्या ध्वनी-संग्रहातली रेकॉर्डिंग्ज मोफत आहेत, ती शंभर वेळा ऐका. मार्गदर्शक निवडताना नावाला भुलू नका. ध्वनींचा तक्ता पाठ असलेले पुष्कळ आहेत. माझ्या मते चूक ऐकून तोंडावर हसणारी खोसाभाषक मैत्रीण त्यांच्यापेक्षा जास्त शिकवते.

खोसानंतर नामिबियातली खोएखोए घ्या. चार जागा, वीस क्लिक, शिवाय सूर बदलला की शब्द बदलतो ते वेगळंच. बोट्स्वानातल्या ता भाषेत ओठांचाही क्लिक आहे आणि क्लिकची संख्या मोजण्याच्या पद्धतीनुसार बदलते. तिथे पहिल्याच वर्षी उडी मारू नका. आणि अशा भाषांना सरसकट 'खोइसान भाषाकुल', म्हणजे एकाच मूळ भाषेतून आलेलं घराणं, असं लिहू नका, ते एक कुल नाही. खोए, तू, क्खा ही वेगवेगळी कुलं आहेत. क्लिक हे जगातल्या पहिल्या भाषेचे अवशेष, हे वाक्य तर प्रबंधात दिसताच परीक्षक पेन उचलतो.

यातल्या बऱ्याच भाषा बोलणाऱ्या, दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांनी २०१७ साली संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. ती संशोधनाचा अर्ज लिहिण्याआधी वाचा, नंतर नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या अपिंग्टन गावच्या कतरीना एसाऊ यांनी आपली जवळपास संपत आलेली न्ऊ भाषा मुलांना शिकवायला घरीच शाळा चालवली. अशा भाषेचं रेकॉर्डिंग घेऊन परत तोंड न दाखवणाऱ्यांबद्दल तिथे काय बोललं जातं, ते तुमच्या कानावर येईलच.

शेवटी कीबोर्ड. दंत्य क्लिकचं चिन्ह म्हणजे उभी रेघ, पार्श्वाचं दोन रेघा. मराठी कीबोर्ड चालू असेल तर हात सवयीने आपला दंड टाकतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ती वेगळी चिन्हं आहेत आणि शोध घेतला की अर्धे शब्द सापडत नाहीत. 'टॉक्'चं चिन्ह उद्गारचिन्हासारखं दिसतं, त्याचंही तेच. युनिकोडमध्ये क्लिकसाठी स्वतंत्र चिन्हं आहेत, ती पहिल्याच दिवशी बसवून घ्या.