फोटो-प्रोटॅकवर काम सुरू करताय? आधी तुमचा अंधार तपासा

प्रोटॅक (पेशीला एखादं ठरावीक प्रोटीन तोडायला लावणारा रेणू) आणि सेरेब्लॉन (त्यासाठी तो रेणू ज्याला धरतो ते पेशीतलं प्रोटीन) तुम्हाला माहीत असणारच, आणि फोटो-प्रोटॅक म्हणजे प्रकाशाने चालू होणारा प्रोटॅक, त्यामुळे थेट सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझे चार महिने एकाच गोष्टीत गेले. पोमॅलिडोमाइडच्या ग्लुटारिमाइडवर (सेरेब्लॉनला चिकटणाऱ्या भागावर) नायट्रोबेन्झिलचं, म्हणजे प्रकाशाने तुटणारं, झाकण बसवलेला रेणू होता, ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश पडला की झाकण निघणार आणि मगच बीआरडी४ हे प्रोटीन तुटणार. पण ब्लॉट (प्रत्येक नमुन्यात किती प्रोटीन उरलंय ते पट्ट्यांनी दाखवणारी चाचणी) काढला की अंधारात ठेवलेल्या नमुन्याच्या लेनमधलाही बँड, म्हणजे पट्टा, गायब! प्लेट फॉइलमध्ये गुंडाळलेली, मग प्रकाश शिरला कुठून?

प्लेटमध्ये शिरलाच नव्हता, घोळ स्टॉकमध्ये (रेणूच्या साठवून ठेवलेल्या दाट द्रावणात) होता. डीएमएसओ या द्रावकातला स्टॉक साध्या पारदर्शक ट्यूबमध्ये, आणि ती ट्यूब दर वेळी खिडकीशेजारच्या बेंचवर दहा-पंधरा मिनिटं उघड्यावर. हे झाकण एकदा निघालं की परत बसत नाही, म्हणजे थोडं थोडं करत साचतच जातं. आता हिशोब करा, १ मायक्रोमोलर टाकलंत आणि त्यातलं २ टक्के आधीच उघडं असलं तर २० नॅनोमोलर झालं, आणि चांगल्या बीईटी प्रोटॅकला (बीआरडी४च्या कुटुंबातली प्रोटीनं तोडणाऱ्याला) काही नॅनोमोलर पुरतात कारण एकच रेणू एकामागून एक प्रोटीन संपवत सुटतो. साध्या इनहिबिटरमध्ये (प्रोटीन न तोडता नुसतं अडवणाऱ्या रेणूत) एवढी भेसळ खपून जाते, इथे अजिबात नाही. म्हणून दर प्रयोगाआधी स्टॉक एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) चढवा, अंबर ट्यूबमध्ये छोटे छोटे भाग करून ठेवा, पिपेटिंग लाल एलईडीखाली करा. "फॉइल लावलंय ना, झालं" म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका, त्यांनी स्टॉकचा शेवटचा क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचा आलेख) कधी बघितला ते विचारा.

अ‍ॅझोबेन्झिनवाले रेणू घेतलेत तर गणित वेगळं. ते प्रकाशाने ट्रान्स (सरळ) आणि सिस (वाकडं) अशा दोन रूपांत उलटसुलट फिरतात, पण सगळे सारखे नसतात. २०१९ मध्ये क्रूज आणि कॅरेरा यांच्या गटांनी केलेल्यात ट्रान्स रूप काम करतं, २०२० च्या ट्राउनर-पगानो यांच्या फोटॅकमध्ये (त्यांच्या फोटो-प्रोटॅकचं नाव) सिस, आणि ते सिस रूप अंधारात हळूहळू परत झोपतं, म्हणून त्यांनी ३९० नॅनोमीटरचे झटके दर १० सेकंदांनी १०० मिलिसेकंद दिले. एकाचा प्रोटोकॉल दुसऱ्याला चिकटवू नका, प्लीज.

औषध न घालता नुसता प्रकाश दिलेली लेन सोडायची नाही, यूव्हीने पेशी स्वतःच आजारी पडतात. आणि पेशंटपर्यंत जायची स्वप्नं बघताना लक्षात असू द्या की हा जांभळा प्रकाश ऊतीत फार आत जात नाही.

घाबरू मात्र नका, विषय खरंच सुंदर आहे. नवा स्टॉक लाल दिव्याखाली बनवला त्या आठवड्यात अंधारातला बँड जाड, काळाकुट्ट आला आणि शेजारची प्रकाशवाली लेन कोरी, तो ब्लॉट मी अजून फोनमध्ये ठेवलाय.