नाशिकमध्ये रो-हाऊसवर किंवा बंगल्यात अजून एक घर काढायचंय? मिस्त्रीला बोलवायच्या आधी हे वाचा

मुलाचं लग्न ठरलंय, आईवडिलांना जिना चढवत नाही, किंवा भाड्याचे चार पैसे येतील म्हणून वर एक वन बीएचके काढायचाय, पाथर्डी फाटा असो की म्हसरूळ, हा विषय घरोघरी चालू असतो. आणि बहुतेक लोक पहिला फोन मिस्त्रीला लावतात. मिस्त्री रेट सांगेल, स्लॅब टाकून देईल, पण उद्या नोटीस आली तर ती तुमच्या नावावर येणार, त्याच्या नाही.

सगळ्यात आधी हे ठरवा की तुम्हाला खोली वाढवायचीय की वेगळं घर करायचंय. फरक ओट्याचा आहे. प्लॅनवर दुसरा किचन ओटा आणि स्वतंत्र एंट्री आली की ते वेगळं टेनामेंट धरलं जातं, मग पार्किंग वाढीव दाखवावं लागतं, आणि छोट्या प्लॉटवर गाडं अडतं ते बऱ्याचदा पार्किंगलाच. आईवडिलांसाठी खाली बेडरूम आणि टॉयलेट एवढंच हवं असेल तर ती साधी वाढीव खोली आहे, काम बरंच सोपं होतं. पण मंजुरी घ्यायची खोलीची आणि नंतर गुपचूप ओटा टाकून भाडेकरू ठेवायचा, हे करू नका, पूर्णत्वाच्या दाखल्याला आणि पुढे घर विकताना तेच नडतं.

मग झोन. शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात महापालिकेचा नगररचना विभाग आहे, तिथून आपल्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. यलो म्हणजे रहिवासी झोन असेल तर पुढे जा. ग्रीन म्हणजे शेती झोनमधला गुंठ्याचा प्लॉट असेल, सातबाऱ्यावर पंधरा नावं असतील, तर आधी तो विषय मिटवा. असे गुंठ्याचे प्लॉट नियमित करायचा गुंठेवारी कायदा 2001 चा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली, म्हणजे आज नवीन बांधून उद्या गुंठेवारीत बसवू हे चालत नाही. गोदावरी किंवा नासर्डीच्या जवळ असाल तर पूररेषा बघाच. नदीला जवळची ती निळी, लांबची ती लाल. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम विसरा, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी आहेत, आणि 2008 चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना त्या अटी का आहेत हे सांगायची गरज नाही.

आता एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही भाग सोडले तर राज्यभर बांधकामाची एकच नियमावली आहे, यूडीसीपीआर. गावठाणाबाहेर बेसिक एफएसआय 1.10. समजा प्लॉट 150 चौरस मीटरचा, तर बेसिक 165. त्यावर प्रीमियम भरून रहिवासाला 60 टक्के अ‍ॅन्सिलरी (पूरक) एफएसआय, म्हणजे अजून 99, एकूण 264. ऐकायला भारी वाटतं पण नवीन नियमात पी-लाईनच्या, म्हणजे बांधकामाच्या बाहेरच्या रेषेच्या आतलं सगळं मोजतात, बाल्कनी, जिना, सगळं, जे जुन्या मंजुरीत बऱ्यापैकी फ्री असायचं. त्यामुळे जुना मंजूर प्लॅन समोर ठेवून आर्किटेक्टकडून नवीन पद्धतीने शिल्लक काढून घ्या. समोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर प्रीमियम एफएसआय (हा वरच्या अ‍ॅन्सिलरीपेक्षा वेगळा) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) मिळत नाही, आणि कॉलन्यांमधले कितीतरी रस्ते साडेसात मीटरचेच आहेत, तेव्हा शेजारच्या मेनरोडवाल्याने तीन मजले चढवले म्हणून आपल्यालाही मिळतील असं नाही. जुनं नाशिक, पंचवटी गावठाणातल्या वाड्यांचा हिशोब पूर्ण वेगळा.

रो-हाऊसवाल्यांनो, तुमची गोष्ट अजून वेगळी. बिल्डरने अख्ख्या प्लॉटवर स्कीम केली असेल तर एफएसआय सगळ्यांचा मिळून असतो. खरेदीखतात प्लॉट तुमच्या एकट्याच्या नावाने आहे की अविभक्त हिस्सा आहे ते वाचा, हिस्सा असेल तर बाकीच्यांची लेखी संमती लागणार. सिडकोतलं घर लीजवर असेल तर सिडकोच्या एनओसीचं (ना-हरकत दाखल्याचं) पण विचारून घ्या.

मार्जिन, म्हणजे घराभोवती सोडलेली मोकळी जागा, स्वतः मोजा. टेप घेऊन कंपाऊंडच्या आतल्या बाजूपासून घराच्या भिंतीपर्यंत, पुढे, मागे आणि मध्ये अशा तीन ठिकाणी, कारण प्लॉट क्वचितच काटकोनात असतो. प्लॅनवर दीड मीटर आणि जागेवर सव्वा भरलं तर ते आधी आर्किटेक्टला सांगा. मागच्या मार्जिनमध्ये पत्रे टाकून खोली काढणं मला अजिबात पटत नाही, शेजाऱ्याची हवा जाते, ड्रेनेजचा चेंबर खाली दाबला जातो आणि पावसाळ्यात तो तुंबला की उघडता पण येत नाही.

वर मजला चढवायचा असेल तर गच्चीवर जा. कॉलमच्या सळया वर काढून ठेवलेल्या असतील, कुठे त्यावर बाटल्या उलट्या घातलेल्या, आणि घरातले म्हणतात सोय केलेलीच आहे. सळई बाहेर आहे म्हणजे फाउंडेशन तेवढं आहे असं नाही. ब्रशने गंज काढा, पापुद्रे सुटत असतील तर सळई बारीक झालीय. नाशिक भूकंपाच्या झोन 3 मध्ये येतं, आणि काळ्या मातीवरचं घर असेल तर फुटिंग किती खोल हे उकरून बघितल्याशिवाय कळत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पैसे वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा.

परवानगी ऑनलाईन, परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानगीच लागत नाही असं लोक छातीठोक सांगतात, ते अर्धवट आहे. प्लॅन दाखल करावा लागतो, फी भरावी लागते, नियमात बसावं लागतं, तेव्हा ती पावती परवानगी धरली जाते. 150 ते 300 मध्ये 10 दिवसांत द्यायची तरतूद आहे. विकास शुल्क, लेबर सेस 1 टक्का, आणि अ‍ॅन्सिलरी घेतला तर त्याचा प्रीमियम, हे बजेटमध्ये आधीच धरा. बांधकाम परवानगी एक वर्षाची असते, नूतनीकरण धरून चार वर्षं. परवानगीशिवाय केलं तर एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 53 ची नोटीस येते, वर घरपट्टीसोबत शास्ती, ती घरपट्टीच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते.

काम झालं की भोगवटा दाखला घ्या, मग घरपट्टीला नवीन नोंद, मग महावितरणचं वेगळं मीटर, याच क्रमाने. भाडेकरू ठेवणार असाल तर लीव्ह अँड लायसन्सचा भाडेकरार रजिस्टर करा, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी घरमालकाची आहे. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये, घरबसल्या ऑनलाईन होतं. आणि पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती त्याच आठवड्यात देऊन टाका.