बंब कोण पेटवणार, यावर तोडगा
गोराईत आमचं बैठं घर, अंघोळीचं पाणी अजून बंबावर (मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी), आणि सकाळी साडेपाचला तो पेटवायचा कोणी यावरून आम्हा नवरा-बायकोत रोज कुरबुर. आता कामच दोन तुकड्यांत केलंय.

१. रात्री मी कालची राख काढतो, जाळी ठोकून मोकळी करतो, पाणी भरतो आणि नळीत आधी नारळाची सोडणं, मग बोटाएवढ्या काटक्या, वर दोन करवंट्या रचून ठेवतो.
२. सकाळी तिने खालून फक्त काडी लावायची, पेटलं की वरून जाड लाकूड.
३. गरम पाणी जो काढेल त्यानेच लगेच तेवढं गार ओतायचं (पोरगं हमखास विसरतं).

बंब रिकामा पेटवू नका, सांध्याचा डाग (झाळण) सुटून गळायला लागतो, आणि बंद मोरीत तर नकोच, धुरातला विषारी वायू जिवावर बेततो.