जुन्या आणि नव्या पायथॉनवर एकच कोड कसा चालवावा

लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याचा हिशेबाचा प्रोग्राम माझ्याकडे आला. तो पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला. गाळ्यावरच्या जुन्या संगणकात पायथॉनची 2.7 ही आवृत्ती, नाशिकच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर 3. खरं तर 2.7 ला 1 जानेवारी 2020 पासून पायथॉनच्या निर्मात्यांकडून दुरुस्त्या मिळत नाहीत, पण संगणक बदलेपर्यंत दोन्हीकडे एकच फाइल चालवणं भाग होतं.

आधी कोडला हात लावू नका. मागच्या महिन्याच्या पावत्या जुन्या पायथॉनवर चालवून आलेलं उत्तर फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे प्रत्येक बदल याच फाइलशी ताडून पाहायचा आहे.

मग प्रत्येक फाइलच्या अगदी वर यूटीएफ-8 ची (मराठीसह सगळ्या लिप्या साठवायच्या पद्धतीची) कोडिंग ओळ लिहा. तिच्याखाली ‘फ्रॉम __फ्यूचर__ इम्पोर्ट’ करून डिव्हिजन, प्रिंट_फंक्शन आणि युनिकोड_लिटरल्स मागवा, म्हणजे भागाकार, प्रिंट आणि कोडमधला मजकूर यांत जुना पायथॉन नव्यासारखा वागेल. प्रिंटला सगळीकडे कंस द्या.

आता भागाकार. 7 क्विंटल माल दोघांत वाटला, तर जुन्या पायथॉनचं उत्तर येतं 3, नव्याचं 3.5. कुठलीही एरर येत नाही, अर्धा क्विंटल मुकाट्याने गायब! वरच्या ‘__फ्यूचर__’च्या ओळीमुळे दोन्हीकडे 3.5 येईल, जिथे पूर्णांकच हवा तिथे दुहेरी तिरकी रेघ (//) वापरा.

राउंडचा, म्हणजे रक्कम पूर्णांकात आणण्याचा, फरक मात्र त्या ओळीने मिटत नाही. 12.5 रुपयांचे जुन्यात 13 होतात, नव्यात 12, कारण नवा पायथॉन बरोबर अर्ध्यावरची रक्कम जवळच्या सम आकड्याकडे नेतो. पैशांसाठी डेसिमल (दशांश अचूक ठेवणारा आकड्यांचा प्रकार) घ्या आणि राउंड_हाफ_अप, म्हणजे अर्धा आला तर वर, असं स्पष्ट लिहा. हे मी कधीच टाळत नाही.

मराठी मजकुराचंही तसंच. ‘नाशिक’ची लांबी जुन्यात 15 भरते, कारण तो बाइट (साठवणुकीचे तुकडे) मोजतो, नव्यात 5, कारण तो अक्षरं आणि काना-वेलांटीसारख्या खुणा मोजतो. पावतीचे रकाने वाकडे होतात ते यामुळे. युनिकोड_लिटरल्समुळे कोडमधले शब्द सुधारतात. फाइलींसाठी साधं ओपन सोडून आयओ मॉड्यूलमधलं ओपन घ्या, एन्कोडिंग यूटीएफ-8 सांगा.

बदललेली नावं सोपी. उदाहरणार्थ मॅपिंग (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांचा प्रकार) आधी ‘कलेक्शन्स.एबीसी’मधून मागा, इम्पोर्टएरर (मागितलेली गोष्ट सापडली नाही अशी तक्रार) आली तर ‘कलेक्शन्स’मधून, 3.10 पासून जुना पत्ता बंद आहे. आवृत्तीचा आकडा तपासत बसू नका, हवी ती गोष्ट मिळते का ते पाहा. नावं फारच असतील तर दोन्ही आवृत्त्यांतले फरक सांभाळणारी सिक्स ही लायब्ररी (तयार कोडचा संच) आहेच.

शेवटी त्याच पावत्या दोन्ही पायथॉनवर चालवा आणि जपलेल्या फाइलशी ओळ न् ओळ जुळवा. जिथे फरक दिसेल तिथे जुनंच उत्तर बरोबर असं धरू नका. तो अर्धा क्विंटल जुन्याच प्रोग्रामने खाल्ला असेल, तर व्यापाऱ्याला तसं सांगा.