सोसायटीत, गावात सर्दी-तापाची साथ वाढतेय का हे घरच्या घरी कसं मोजायचं

पाऊस सुरू झाला आणि शाळा उघडल्या की थोड्याच दिवसांत सगळ्या ग्रुपवर एकच वाक्य फिरायला लागतं, "सध्या सगळीकडे व्हायरल चालू आहे". आता सगळीकडे म्हणजे नक्की कुठे, आणि दरवर्षीपेक्षा जास्त की दरवर्षीएवढंच, हे विचारलं की सगळे गप्प, कारण कोणी मोजलेलंच नसतं. मोजणं तसं अवघड नाहीये, डॉक्टर असायची गरज नाही, एक शीट, आठवड्यातला अर्धा तास आणि दोन चिकाटीची माणसं पुरतात. फक्त एक डोक्यात पक्कं ठेवा, आपल्याला आजाराचं नाव शोधायचं नाहीये, ते लॅबचं काम. आपल्याला एवढंच बघायचंय की या आठवड्यात आपल्याकडे नेहमीपेक्षा जास्त लोक आजारी आहेत का.

सुरुवात कधी करायची? साथ आल्यावर तर नक्कीच नाही. आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा डोकं वर काढतो, एकदा पावसाळ्यात साधारण जुलै ते सप्टेंबर आणि दुसऱ्यांदा जानेवारी ते मार्च. 2009 चा स्वाईन फ्लू पुणेकरांना आठवत असेलच, देशातला पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यातच झाला होता, ऐन पावसाळ्यात. आणि 2023 च्या सुरुवातीला एच3एन2 हा फ्लूचा प्रकार पसरला तो थंडी सरताना. म्हणून मोजणी जूनच्या पहिल्या आठवड्यात चालू करायची, शाळा भरायच्या आधी, तेव्हा आकडे कंटाळवाणे असतात, शून्य, दोन, एक, शून्य असे, पण हेच कंटाळवाणे आकडे पुढे कामाला येतात कारण "नेहमीचं" म्हणजे किती हे त्यातूनच कळतं. शून्य आलं तरी शून्य लिहायचं, रिकामी जागा सोडायची नाही, नाहीतर नंतर कळत नाही की कोणी आजारी नव्हतं का विचारायचंच राहिलं.

पुढची गोष्ट, कोणाला मोजायचं. इथेच सगळ्यांचं घोडं अडतं, कारण एकजण नाक गळालं तरी धरतो आणि दुसरा अंथरूण धरल्याशिवाय आजारी म्हणत नाही. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेची फ्लूसारख्या आजाराची व्याख्या सरळ उचला: ताप 38 सेल्सिअस किंवा जास्त, सोबत खोकला, आणि आजार गेल्या 10 दिवसांत सुरू झालेला. आपल्या घरातले थर्मामीटर बहुतेक फॅरेनहाइटवाले, त्यावर हे 100.4 येतं. असाच माणूस ॲडमिट करावा लागला तर तो वेगळ्या रकान्यात. बऱ्याच घरात थर्मामीटरच नसतो, "हात लावून बघितला, अंग तापलं होतं" असं सांगतात, तर त्यांना फेकून देऊ नका पण मोजलेल्या तापातही मिसळू नका, "ताप वाटला" असा तिसरा रकाना करा. नुसती सर्दी, शिंका, घसा खवखवणं मोजायचं नाही, नाहीतर निम्मी सोसायटी वर्षभर यादीत राहील. हां, आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर ते सीझनल म्हणून सोडून देऊ नका, त्या माणसाला थुंकीची टीबी तपासणी करायला सांगा, सरकारी दवाखान्यात फुकट होते.

माहिती कुठून आणायची तर माझ्या मते तीन जागा पुरेत. एक म्हणजे घरं. सोसायटी असेल तर गूगल फॉर्म, दर रविवारी संध्याकाळी लिंक टाकायची, चारच प्रश्न: घरात कितीजण, या आठवड्यात नव्याने ताप-खोकला किती जणांना, वयोगट कोणता, कोणी ॲडमिट झालं का. "नव्याने" हा शब्द ठळक करा नाहीतर एकच माणूस दोन आठवडे मोजला जातो. गावात किंवा वस्तीत फॉर्म वगैरे चालत नाही, तिथे आशाताईंना धरा, त्या तशाही घरोघरी फिरतात आणि कोणाच्या घरात कोण खोकतंय हे त्यांना सगळ्यात आधी कळतं, फक्त त्यांच्यावर अजून एक रजिस्टर लादू नका, तुम्ही त्यांच्याकडे जाऊन विचारा.

दुसरी जागा शाळा, आणि मला विचाराल तर सगळ्यात भारी जागा हीच. हजेरी रोज होते, आपल्याला वेगळं काही करायला नको. मुख्याध्यापकांना किंवा वर्गशिक्षकांना भेटून एवढंच मागायचं की आठवड्यात आजारपणामुळे किती मुलं गैरहजर होती, नावं नकोत, नुसता आकडा आणि पट. साथ बऱ्याचदा मुलांत आधी दिसते, मग घरातल्या आजी-आजोबांकडे जाते. बालवाडी, पाळणाघरं विसरू नका.

तिसरी जागा कोपऱ्यावरचं मेडिकल आणि जवळचा फॅमिली डॉक्टर. मेडिकलवाल्या दादांना आकडा मागितला तर ते वैतागतील, त्यांना "पॅरासिटामॉल आणि खोकल्याची औषधं मागच्या आठवड्यापेक्षा कमी, तेवढीच की जास्त" एवढंच विचारा. तीनच उत्तरं. पक्की आकडेवारी म्हणून हे धरायचं नाही, पण घरचा आकडा चढतोय आणि मेडिकलवालेही जास्त म्हणतायत म्हटल्यावर खात्री वाढते.

आता शीट. आठवडा सोमवार ते रविवार धरा, सरकारी रोग सर्वेक्षणातही हाच आठवडा चालतो त्यामुळे पुढे त्यांच्याशी बोलताना सोपं जातं. वयोगट चार ठेवा: 5 च्या खाली, 5 ते 17, 18 ते 59, आणि 60 च्या वर. नाव, फ्लॅट नंबर, मोबाईल, काही म्हणजे काही घ्यायचं नाही. छोट्या विंगमध्ये "बी विंग, 60 च्या वर, ॲडमिट" एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते, मग जिन्यात कुजबुज, कामवाल्या ताईंना येऊ नको म्हणणं असले प्रकार सुरू होतात आणि पुढच्या आठवड्यापासून कोणी फॉर्म भरत नाही. म्हणून ग्रुपवर टाकताना पूर्ण सोसायटीचा एकच आकडा टाका.

आणि किती घरांनी फॉर्म भरला हे प्रत्येक वेळी लिहाच. समजा एका आठवड्यात 60 घरांनी भरला आणि 6 जण आजारी, पुढच्या आठवड्यात 120 घरांनी भरला आणि 12 आजारी, तर आजार दुप्पट झाला नाही, भरणारे दुप्पट झाले. उलटंही होतं, साथीची भीती पसरली की फक्त ज्यांच्याकडे आजारी आहे तीच घरं भरतात आणि आकडा उगाच फुगतो, म्हणून दर आठवड्याला "आमच्याकडे कोणी आजारी नाही" हेही कळवायला लोकांच्या मागे लागावं लागतं. कंटाळवाणं आहे पण इलाज नाही.

पहिल्या चार-पाच आठवड्यांची सरासरी काढा, ती तुमची रेघ. माझा साधा ठोकताळा असा की सलग दोन आठवडे आकडा रेघेच्या दुप्पट राहिला तर वाढ खरी समजायची, एका आठवड्याच्या उडीवर ग्रुपवर बोंब मारायची नाही. गणपती, दिवाळीची सुट्टी, गावची जत्रा हे शीटवर शेरा म्हणून लिहून ठेवा, सुट्टीत शाळेचा आकडा नसतो आणि गर्दीनंतर चारपाच दिवसांत खोकला वाढलेला दिसू शकतो, फ्लूची लक्षणं संसर्गानंतर 1 ते 4 दिवसांत येतात त्यामुळे हिशोब जुळतो. हिवाळ्यात मुंबई-पुण्यात हवेचा एक्यूआय म्हणजे प्रदूषणाचा आकडा पण बाजूला लिहा, 200 च्या वर गेला की तो खराब गटात जातो, तेव्हा ताप नसलेले नुसते खोकणारे वाढतात आणि लोक त्यालाच साथ म्हणतात.

एका गोष्टीसाठी मात्र आठवड्याच्या सरासरीची वाट बघायची नाही, ती म्हणजे धाप. लहान मुलाचा श्वास मोजायला प्रत्येक घराला शिकवा: मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगावरचा शर्ट वर करून पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट. 2 महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, 2 महिने ते 1 वर्ष 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षं 40 किंवा जास्त आले तर तो जलद श्वास, लगेच दवाखाना. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल किंवा मूल काही पीत नसेल तर अजिबात थांबू नका. हे काम गावातली साधी माणसं करू शकतात हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने कधीच दाखवून दिलंय, ज्या दायांना मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं साधन त्यांनी बनवलं होतं. मोठ्यांसाठी कोविडमध्ये घेतलेले ऑक्सिमीटर कपाटात पडलेच असतील, सेल बदला, बोट गार नको, नेलपॉलिश नको, 94 च्या खाली दाखवत असेल तर डॉक्टर. दम लागणं, छातीत दुखणं, गुंगी, ओठ निळे पडणं, काहीही दिसलं तर 108 ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा.

वाढ पक्की झाली की कोणाला सांगायचं? गावात उपकेंद्रातल्या नर्सताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे (पीएचसी) मेडिकल ऑफिसर, शहरात महापालिकेचा जवळचा दवाखाना किंवा वॉर्डचं आरोग्य खातं. जाताना घबराट नको, शीट न्या. "आमच्याकडे 110 घरांपैकी मागच्या आठवड्यात 9, या आठवड्यात 17 नवे ताप-खोकला, त्यातले 11 शाळेतले, एक ॲडमिट, आधीची सरासरी 4" असं बोललात तर समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो. सॅम्पल घ्यायचे की नाही ते ते ठरवतील, सौम्य आजारात प्रत्येकाची टेस्ट करत नाहीत त्यावरून वाद घालू नका.

इकडे सोसायटीत मग नोटीस लावा, छोटीच. ताप उतरून, तेही पॅरासिटामॉल न घेता, 24 तास झाल्याशिवाय मुलाला शाळेत पाठवू नका, खोकणाऱ्याने लिफ्टमध्ये मास्क लावा, ज्येष्ठ नागरिक संघाचा बंद हॉलमधला कार्यक्रम बागेत घ्या किंवा पुढे ढकला. गरोदर बायका, साठीच्या पुढचे, दमा-शुगर-हार्टवाले यांना ताप आला तर पहिल्या दिवशीच डॉक्टरकडे जायला सांगा, कारण फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोग होतो, आणि ते डॉक्टरनेच द्यायचं, मेडिकलमधून परस्पर आणायचं नाही, अँटिबायोटिक तर नाहीच. फ्लूच्या लसीचा परिणाम व्हायला साधारण दोन आठवडे लागतात त्यामुळे साथ अंगावर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा मे-जूनमध्येच डॉक्टरांना विचारून घ्या.

शीटचा पासवर्ड दोघांकडे ठेवा, एकजण गावाला गेला की मोजणी बंद पडते. आणि सीझन संपला म्हणून फाइल डिलीट करू नका, पुढच्या जूनमध्ये त्याच फाइलमध्ये नवीन टॅब उघडा, म्हणजे त्याच आठवड्याचा मागच्या वर्षीचा आकडा शेजारीच दिसतो.